व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर

कोंडाण्याची लेणी पाहायला कधी गेलात, तर चैत्यगृहाच्या दर्शनी भागापाशी जरा थांबा. तिथे एका मूर्तीचे भग्न मस्तक उरले आहे आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ. लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात, कारण पैसा देणारा आपले नाव सोडत नाही. पण ज्याच्या हातात छिन्नी होती त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकून राहावे, हे क्वचितच घडते.

आता मान वर करून पलीकडच्या डोंगराकडे पाहा. तिथून बोरघाटाची रेल्वे जाते. १८५६ ते १८६३ या सात वर्षांत हा घाट फोडला गेला. पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे पूल, आणि खाली पटकीने मेलेल्या मजुरांची गणती कोणी ठेवली नाही. या कामाचे कंत्राट घेऊन आलेला सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज १८५९ साली येताच काही आठवड्यांत वारला, तेव्हा त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवून पुरे केले. रेल्वे, धरणे, पूल, बराकी यांच्या त्या काळाने आपल्याकडे एक नवा धंदेवाईक माणूस जन्माला घातला, तो म्हणजे कंत्राटदार. सरदार नव्हे, सावकार नव्हे, सरकारी नोकरही नव्हे. दगड, चुना, मजूर आणि मुदत यांचा हिशेब ज्याला येतो, तो.

याच घाटाच्या वरच्या अंगाला, पुण्यात, असा एक कंत्राटदार होऊन गेला. त्याची ओळख मी नव्याने करून द्यायची म्हणजे गंमतच, कारण त्यांचे नाव शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून तुमच्या कानावर आहे. पण त्यांनी स्वतः आपली ओळख कशी करून दिली होती, ते पाहण्यासारखे आहे. १८८२ साली सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे, त्यांनी इंग्रजीत एक निवेदन सादर केले. त्यावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२. नावापुढे त्यांनी लिहिले आहे: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. नाव अर्थातच जोतीराव गोविंदराव फुले.

पाहा, समाजसुधारक असे लिहिले नाही, ग्रंथकार लिहिले नाही. तोपर्यंत 'गुलामगिरी' लिहून नऊ वर्षे झाली होती आणि मुलींची शाळा काढून तर चौतीस वर्षे. तरी पहिला शब्द 'व्यापारी' हा आहे. आपण त्यांना महात्मा केले आणि ते योग्यच झाले, पण त्या भरात हा व्यापारी आणि हा म्युनिसिपालिटीचा सभासद आपल्या नजरेआड गेला, असे मला वाटते. (म्युनिसिपल कमिशनर हा शब्द ऐकून दचकू नका. आज महानगरपालिकेचा आयुक्त म्हणजे मोठा सरकारी अधिकारी. त्या काळी साध्या सभासदालाच कमिशनर म्हणत.)

धंदा त्यांच्या घरात होताच. मूळचे हे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे गोऱ्हे. आजोबा शेटिबा पुण्याकडे आले आणि त्यांच्या मुलांनी फुलांचा धंदा हाती घेतला. पेशव्यांच्या वाड्यात फुले, गजरे, हारतुरे पुरवता पुरवता गोऱ्ह्यांचे फुले झाले आणि बागेसाठी जमीन इनाम मिळाली. पुढे थोरल्या भावाने ते इनाम आपल्या एकट्याच्या ताब्यात घेतले, म्हणून धाकट्या गोविंदरावांनी भाजीपाल्याचे दुकान घातले. जोतीरावांचा जन्म १८२७ चा, म्हणजे पेशवाई जाऊन नऊच वर्षे झाली होती. तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या मैदानावर भरत असे. वाडा गेला, पण वाड्यापुढचा बाजार राहिला.

गोविंदरावांच्या दुकानातल्या एका कारकुनाने त्यांच्या कानी घातले की मुलगा शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही. बापाने ते ऐकले आणि मुलाला शाळेतून काढून मळ्यात लावले. शेजारच्या गफार बेग मुन्शींनी आणि लिजिट नावाच्या साहेबांनी समजूत घातली म्हणून १८४१ साली हा मुलगा स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत पुन्हा गेला. तोवर खुरपे आणि मोट यांची ओळख झालेली होती, आणि ती ओळख पुढे कधी सुटली नाही.

शिकलेल्या माणसाने नोकरी करावी, हा तेव्हाचा रिवाज. आजही तो फारसा बदललेला नाही, हे आमच्या कॉलेजात रोज दिसते. जोतीरावांना सरकारी नोकरी मिळणे अवघड नव्हते. १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला होता. पण ते त्या वाटेला गेले नाहीत. धातू ओतायला लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकान त्यांनी १८६३ च्या सुमारास काढले. पुढे पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने कंत्राटे घेऊ लागले. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी चरित्रकार त्यांच्या कंपनीचे नाव जोडतात. खडकवासल्याला दगड पुरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. मांजरीजवळ त्यांनी जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. म्हणजे धरणाला दगडही यांचा आणि पाटाचे पाणी घेणारे शेतकरीही हेच.

कंत्राटदाराला काय दिसते, याचा जरा विचार करा. सकाळी मजुरांच्या हजेरीला तो उभा असतो. कोण कोठून आला, कोणाच्या अंगावर काय आहे, कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, हे त्याला ठाऊक असते. दुपारी तो बांधकाम खात्याच्या कचेरीत असतो. तिथे मोजमाप घेणारा, बिल लिहिणारा, बिल अडवणारा, असे सगळे त्याला भेटतात. हजार रुपयांच्या कामातले किती दगडात जातात आणि किती वाटेत मुरतात, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. पुढारी हे पुस्तकात वाचतो, कंत्राटदार बिलात पाहतो. जोतीरावांनी इंजिनिअर खात्यातल्या हाताखालच्या ब्राह्मण कामगारांच्या लबाडीवर एक पवाडा रचला आहे. तो वाचताना मला नेहमी वाटते, की यातला राग हा जातीच्या अन्यायाचा आहे हे खरे, पण यातली माहिती मात्र धंदा केलेल्या माणसाची आहे. ऐकीव गोष्टीवरून असे लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला. त्याला पैसा कोणी दिला? संस्थानिकांनी तर नव्हे. मुंबईच्या कामाठी समाजातले तेलुगू कंत्राटदार त्याच्या पाठीशी उभे राहिले. व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही त्यांतली नावे. त्या समाजाची उभारणी बऱ्याच अंशी अशा गवंडीकाम आणि इमारतींच्या धंद्यात वर आलेल्या माणसांच्या पैशावर झाली, हे आपल्या पुस्तकांतून एका ओळीत उरकले जाते.

असा हा माणूस १८७६ साली पुणे म्युनिसिपालिटीत जाऊन बसला. निवडून नव्हे, सरकारने नेमला म्हणून. म्युनिसिपालिटी १८५७ साली स्थापन झाली होती, पण सभासद सगळे सरकारनियुक्त. सरकारी अधिकारी, पेन्शनर, वकील, सरदार, बडे व्यापारी, अशी मंडळी तिथे असत. ज्याला सरकारने नेमले त्याने सरकारला अडचणीत आणू नये, हा न लिहिलेला नियम होता. सुमारे सहा वर्षे जोतीराव त्या सभेत होते, आणि हा नियम त्यांनी काही पाळला नाही.

काळ कसा होता तेही सांगितले पाहिजे. १८७६ आणि १८७७ ही मोठ्या दुष्काळाची वर्षे. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले आणि त्यासाठी जोतीरावांनी मे १८७७ मध्ये मदतीचे आवाहन काढले. म्हणजे एकीकडे शहराच्या सभेत ठराव, आणि चार मैलांवर भुकेली पोरे. दोन्ही ठिकाणी हाच माणूस होता.

पहिला प्रसंग दारूचा. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. दारूचा मक्ता सरकार देणार, त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जाणार, आणि दुकान मात्र शहराच्या पेठेत उघडणार. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात निघत असलेल्या दारूच्या दुकानांना विरोध केला. दारूमुळे शहराची नीती बिघडते आणि संसार धुळीला मिळतात, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे पुष्कळांनी केले असते. पण म्युनिसिपालिटीच्या सभासदाने, म्युनिसिपालिटीच्या वाटेने, कागदावर ते मांडणे निराळे. लोकांच्या आरोग्यासाठी जी संस्था खर्च करते, तिने दारापाशी उघडलेल्या गुत्त्याकडे डोळेझाक का करावी, हा त्यातला रोख आहे.

दुसरा प्रसंग जास्त प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉय पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी, शहर शृंगारण्यासाठी, म्युनिसिपालिटीने हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. बत्तीस सभासदांत विरोध करणारा माणूस एकच निघाला. जोतीराव म्हणाले, की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. बत्तीसांत एक मत पडले म्हणून व्हाइसरॉयांच्या कमानी काही अडल्या नाहीत.

हजार रुपये म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हती, असे कोणी म्हणेल. पण ती कोठून आली? पुणे म्युनिसिपालिटीचे मुख्य उत्पन्न जकातीचे. शहराच्या नाक्यावर जे जे आत येई, त्यावर ती बसे. बंगल्यात राहणाऱ्याला जकात दिसत नाही, ती त्याच्या ताटापर्यंत भाव होऊन येते. पण डोक्यावर पाटी घेऊन येणारी बाई आणि बैलगाडी हाकणारा कुणबी यांना ती नाक्यावर रोख मोजावी लागे. माळ्याच्या घरात वाढलेल्या सभासदाला त्या हजार रुपयांची फोड करून सांगण्याची गरज नव्हती. इतर एकतीसांना कमान दिसत होती, याला नाका दिसत होता. माझ्या मते त्यांच्या म्युनिसिपालिटीतल्या सगळ्या वागणुकीची किल्ली इथे आहे. पैसा देतो कोण आणि घेतो कोण, एवढाच प्रश्न ते विचारत. तो व्यापाऱ्याचा प्रश्न आहे.

तिसरा प्रसंग मंडईचा. शनिवारवाड्यापुढच्या मैदानावरचा बाजार उठवून शुक्रवार पेठेत दगडी, टोलेजंग मंडई बांधायची कल्पना निघाली. खर्च लाखांच्या घरात. जोतीरावांनी आणि हरि रावजी चिपळूणकरांनी तिला विरोध केला. आधी मुलांच्या शाळांना पैसा द्या, मग इमारती बांधा. इथे मात्र वाचकहो, मी जरा थबकतो. भाजी विकणाऱ्याच्या मुलाने भाजी विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर येऊ नये म्हणावे, हे चमत्कारिक नाही काय? पावसात चिखलात बसणाऱ्या माळणीला मंडई नको होती, असे मला म्हणता येणार नाही. जोतीरावांचा हिशेब बरोबर होता की नाही, यावर दोन मते होऊ शकतात. पण त्यांना इमारतीचे काम आतून माहीत होते आणि अशा कामात पैसा कसा वाहतो तेही माहीत होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय दगडी मंडई झाली की गाळा आला, गाळा आला की भाडे आले. विरोधाचा उपयोग झाला नाही. मंडई उभी राहिली, ५ ऑक्टोबर १८८६ रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि तिला नावही रे मार्केट असेच पडले.

त्याच काळात जगात इतरत्र धंदेवाईक माणसे नगरकारभारात काय करत होती? बर्मिंगहॅम शहरात जोसेफ चेंबरलेन हा स्क्रू तयार करणारा कारखानदार १८७३ ते १८७६ मेयर होता. त्याने शहराचा गॅस आणि पाणी खाजगी कंपन्यांकडून काढून शहराच्या मालकीचे केले. धंद्यातली अक्कल त्याने शहरासाठी वापरली, आणि त्याच्या हातात सत्ता होती, कारण तो लोकांनी निवडून दिला होता. तो पायउतार झाला त्याच वर्षी जोतीराव पुण्याच्या सभेत बसले, पण बत्तीस नेमलेल्यांतले एक म्हणून. ऑस्ट्रियात १८८२ साली पाच गुल्डन कर भरणाऱ्या लहान कारागिरांना आणि दुकानदारांना मताचा हक्क मिळाला. व्हिएन्नाचे शिंपी, सुतार, खाटीक राजकारणात आले. पण त्यांच्या हलाखीचा राग कार्ल ल्युगरसारख्या पुढाऱ्याने ज्यूंच्या द्वेषाकडे वळवला, आणि १८९७ साली तो मेयर झाला. कारागीर सत्तेपाशी पोचला म्हणजे तो आपोआप शहाणाच होतो, असे नव्हे. जोतीरावांचा रागही काही कमी जहाल नव्हता. पण तो घेऊन ते शाळा मागत होते.

१८८२ हे वर्ष आपल्याकडेही महत्त्वाचे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्या वर्षी मे महिन्यात निघाला आणि म्युनिसिपालिट्यांत लोकनियुक्त सभासद येण्याचा मार्ग मोकळा झाला. सगळीकडे आनंद झाला. जोतीरावांचे हंटर कमिशनपुढचे निवेदन त्यानंतर पाचच महिन्यांनी आले. त्यात त्यांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शेतकरी सारा भरतो, त्यावर लोकल फंडाची रुपयाला एक आणा पट्टी भरतो, आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा जुना हिशेब इथेही आहे. पण मला जास्त लक्षणीय वाटते ती म्युनिसिपालिटीविषयीची सूचना. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च म्युनिसिपालिटीने द्यावा, मात्र त्या शाळांचा कारभार पूर्णपणे तिच्या हाती देऊ नये, देखरेख सरकारी शिक्षणखात्याची असावी, असे ते म्हणतात.

निवेदनावर 'म्युनिसिपल कमिशनर' म्हणून सही करणारा माणूस म्युनिसिपालिटीवर एवढाच भरवसा ठेवतो! स्वराज्याचे वारे वाहत असताना ही सूचना अनेकांना आवडली नसणार. पण सहा वर्षे त्या खुर्चीवर बसून त्यांनी जे पाहिले होते, ते त्यात आले आहे. निवडणूक आली म्हणजे मत कोणाला असणार? कर भरणाऱ्या मोजक्यांना. ते निवडून कोणाला देणार? ज्यांना आधी सरकार नेमत होते, साधारण त्यांनाच. मग महारवाड्यातल्या शाळेला फळा कोण देणार? हा प्रश्न त्यांना पडला होता. यावर त्यांचे उत्तर, म्हणजे इंग्रज सरकारवर जास्त विश्वास टाकणे, बरोबर होते असे मी म्हणणार नाही. सरकारने सक्तीचे शिक्षण काही दिले नाही. पण प्रश्न खोटा नव्हता.

त्या दाराने आत यायला पुढे बराच काळ गेला. आमच्याच तालुक्यात, माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, ते १९४१ साली. दीड वर्षात ते भूमिगत चळवळीत शिरले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने मारले गेले. भाई कोतवालांची कथा स्वतंत्र आहे. इथे एवढेच, की हजामतीच्या धंद्यातल्या घराचा मुलगा लोकांच्या मतांनी नगरपालिकेत बसू शकला, तो जोतीरावांच्या नेमणुकीनंतर पासष्ट वर्षांनी.

म्युनिसिपालिटीतून बाहेर पडल्यावर जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात एक कंत्राटदार लपलेला आहे, तो शोधून पाहा. सरकारने आपले रिकामे बसलेले पलटणीतले शिपाई आणि जादा पोलीस लावून डोंगरउतारावर ताली आणि लहान बंधारे बांधावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही, अशी योजना त्यांनी मांडली आहे. धरणाला दगड पुरवलेला माणूस लहान बंधाऱ्यांची गोष्ट बोलतो, तेव्हा ती कवीकल्पना नसते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. शेवटच्या वर्षांत, पक्षाघातानंतर, पैशाची ओढाताण झाली होती. कंत्राटात मिळवले ते चळवळीत गेले होते.

आता त्या म्युनिसिपालिटीचे आणि त्यांचे पुढे काय झाले तेही सांगतो. १९२५ साली पुण्यात जोतीरावांचा पुतळा उभारावा असा प्रस्ताव केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युनिसिपालिटीत आणला. त्यावर एवढे रान उठले की विचारू नका. प्रस्ताव पडला. त्या वादातूनच दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे जहाल पुस्तक निघाले, त्यावर खटला झाला, आणि अपिलात डॉ. आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडून त्यांना सोडवले. ज्या सभेत जोतीराव सहा वर्षे बसले होते, त्या सभेला त्यांचा दगडी पुतळा जड झाला.

नंतर आचार्य अत्रे त्याच म्युनिसिपालिटीत निवडून आले, आणि १९३८ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव! अत्र्यांना ही विसंगती माहीत नसेल असे मला वाटत नाही. माहीत असूनही त्यांनी ते केले असेल, तर त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. एका अर्थी ते ठीकही आहे, कारण ज्या माळणींना जोतीराव आपल्या म्हणत, त्या आता तिथे बसल्या होत्या. कर्जतहून सकाळच्या गाडीने घाट चढून पुण्याला जाणारा माणूस मंडईत उतरतो, भाव करतो, पिशवी भरतो. रिक्षावाल्याला तो 'मंडई' एवढेच सांगतो. पुढचे नाव कोणी घेत नाही, आणि रिक्षावाला ते विचारत नाही.